दुसऱ्या दिवशी पाणी सोडा

करडी, ता. मोहाडी
११ जून १९७७

इवाई गोपीचंदजींना व्याही श्यामरावचा रामराम.

तुमची पुष्पा आणि लेकरू माहेरपण आटोपून परवा सुखरूप पोचले. वरठीला गाडी उशिरा आली. तोवर माझं स्टेशनावरच्या प्रत्येक माणसाला विचारून झालं की गाडी रुळावरून घसरली तर नाही ना. शेवटी एक हमाल म्हणाला, आजोबा, गाडी येईल, पण तोवर तुम्ही टिकाल का ते पाहा.

तुम्ही दिलेलं नव्या धानाच्या बिजाईचं पोतंही आलं. आता खरं सांगतो, रागावू नका. त्या पोत्यानं आमच्या घराची झोप उडवली आहे. म्हणजे माझी. बाकीचे झोपतात. पुष्पा सांगते की हा नवा धान कमरेच्या वर वाढत नाही. आमचा जुना लुचई छातीला लागतो. मग मधलं कुठं जातं? तुमची विहीण देवका म्हणते, ते लोंबीत जातं. तिला बोलायला काय, बैलांसमोर रिकामी गव्हाण घेऊन उभं राहायचं मला आहे. धान बुटका तर तणसही बुटकं. बैल काय लोंबीचं कौतुक खातील?

पण तणसापेक्षा मोठी काळजी दुसरी आहे. पुष्पानं सांगितलं नसेल तर मी सांगतो, कारण मनात ठेवलं की माझं पोट दुखतं. माझ्या बहिणीचा मुलगा हिरालाल नागपूरच्या मिलमध्ये आहे. तो टिकारामला तिथं चिकटवून देतो म्हणतो. परवा जेवताना टिकाराम मला म्हणाला, "बाबा, या साली तलावाखालच्या बांध्या माह्या मतानं करू द्या. वर्षभर खाऊन विकाले उरलं तं मी इथंच. नाई उरलं तं दिवाळीनंतर मी, पुष्पा अन् पोरगं नागपूरले." मी हो म्हटलं. हो म्हटल्यापासून जेवण गोड लागत नाही. एकच मुलगा आहे. तो गेला तर या घरात दोन म्हातारी माणसं आणि दोन बैल, एवढंच उरेल.

आता या सगळ्यात आमची जमीन कशी आहे तेही ऐका. तुमच्याकडे नहराचं पाणी आहे, आमच्याकडे नाही. तलावाचं पाणी पाळीपाळीनं येतं आणि ते वरच्या शेतातून, म्हणजे बांधीतून, खालच्या बांधीत उतरतं. माझी वरची. माझ्या खालची डोमाची. मधला धुरा, म्हणजे बांध, डोमा दर साली कुदळीनं थोडा थोडा खरवडून आपल्याकडे ओढतो. म्हणून त्याच्या पाळीचं सोडलं तर मी धुऱ्यातली पाणी जायची मुही बंद ठेवतो आणि त्याला थेंबभरही जास्त सोडत नाही. तो खालून ओरडतो, पाणी सोड गा श्यामराव. मी ऐकत नाही. आमचं बोलणं एवढंच.

या नव्या धानाचं काय, कसं, कधी करायचं ते तुमच्या मुलीला सगळं माहीत आहे. पण सून सांगते आणि सासरा ऐकतो हे गावात बरं दिसत नाही. तुम्ही कागदावर लिहून पाठवा. मी चौथी शिकलो आहे. लिहिलेलं वाचतो आणि वाचलेलं पाळतो. विहीणबाईंना नमस्कार.

श्यामराव

*

अर्जुनी मोरगाव
१९ जून १९७७

श्यामरावजींना गोपीचंदचा रामराम.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. चंद्रभागा हसून हसून चुलीजवळून उठली, तिकडे भाजी करपली. तेव्हा आधी त्या भाजीची उधारी तुमच्याकडे लागली.

धान बुटका आहे म्हणून रडू नका. माणूस बुटका असला तर तुम्ही त्याला जेवायला कमी वाढता का? आमच्याकडे गेल्या साली हाच धान जिथं लावला तिथं पायलीनं मोजायचा कंटाळा आला. एका धांड्याच्या जागी मुठीत मावणार नाहीत एवढे फुटवे येतात. तुमचे बैल तणस खाऊन जाड होतील आणि नांगराला जायला नाही म्हणतील. मग ती काळजी करा.

टिकारामनं अट घातली हे मला पुष्पानं सांगितलं नव्हतं. पोरगी बापाला काही सांगत नाही. मलाही ती नागपूरच्या चाळीत राहिलेली आवडणार नाही, पण जावयाला सांगणार कोण? धानालाच सांगू द्या.

आता नीट वाचा. रोपांसाठी पऱ्हे विरळ टाका. तीन आठवड्यांचे झाले की उपटा, म्हातारे होऊ देऊ नका. रोवणी करताना सुतळी ताणा आणि ओळीत लावा. एका जागी दोन-तीनच रोपं, मूठभर नाही. ओळीतून बाया निंदायला फिरू शकल्या पाहिजेत. रोवणीला वीसेक दिवस झाले की युरिया. बांधीत पाणी साचलेलं नको, नुसता चिखल असताना फेका. आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडा. श्यामरावजी, सगळी मेख इथं आहे. हे चुकलं तर बाकी केलेलं वाया गेलं समजा. हात आखडता घेऊन सोडू नका, भरपूर सोडा.

जोडीच्या बैलांना आणि तुमच्या झोपेला नमस्कार.

गोपीचंद

*

करडी
१४ ऑगस्ट १९७७

गोपीचंदजींना श्यामरावचा रामराम.

तुमचं पत्र मी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं आहे. घामानं कागद फाटायला आला, पण अक्षर दिसतं. त्यात लिहिलं तसं सगळं केलं.

पऱ्हे चांगले उगवले. रोवणीच्या दिवशी टिकाराम आणि पुष्पानं सुतळी ताणली तेव्हा रोवणाऱ्या बायांनी काम थांबवून हसायला सुरुवात केली. ताराबाई त्यांची पुढारी. ती म्हणाली, "काहून वो पुष्पा, पऱ्ह्यांले शाळेत बसवून राहिली का? यायची हजेरी कोण घेईल?" मग दुसरी म्हणाली, मास्तर धुऱ्यावर उभा आहे ना छत्री घेऊन. तो मी. दिवसभर बांधीत हजेरी चालली. ओळ वाकडी गेली की कोणी तरी ओरडायची, मास्तर, हा पोट्टा पळून राहिला. मला आधी राग आला होता, पण संध्याकाळी ओळी पाहिल्या तर डोळ्यांना बरं वाटलं. मग रात्री वाटलं, इतकी जागा मोकळी सोडली, त्यात काय वारा पिकणार?

पऱ्हे उरले. उरलेले पऱ्हे मागणाऱ्याला नाही म्हणू नये अशी आमच्याकडे रीत आहे. डोमाचे पऱ्हे ढोरांनी तुडवले होते. त्याची बायको कुंताबाई गुपचूप येऊन आमच्या पुष्पाकडून पऱ्ह्यांच्या मोट्या घेऊन गेली, आणि मला कळलं तेव्हा डोमाच्या वरच्या दोन बांध्या तुमच्याच धानाच्या झाल्या होत्या. रीत आहे म्हणून मी गप्प बसलो. पण पुढचं ऐका, तिथं तुम्ही मला गप्प बसू दिलं नाही.

आठ तारखेला युरिया टाकला. खरं सांगतो, अर्धंच पोतं टाकलं. पांढरं, खडीमिठासारखं. मीठ टाकल्यावर कोणतं झाड जगतं? हात पुढे जाईना. उरलेलं अर्धं माळ्यावर तणसाखाली ठेवलं आहे. टिकारामला वाटतं सगळं टाकलं. यावर तुम्ही रागवाल ते मला चालेल.

दुसऱ्या दिवशी आमची तलावाची पाळी होती. बांधी भरली. तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी पाणी सोडा. भरपूर सोडा. मी धुऱ्यावर बसून बराच विचार केला. माझ्या मनात आलं की ही पुष्पाची करामत आहे. तिनं तुम्हाला आमच्या भांडणाचं लिहिलं आणि तुम्ही धानाच्या नावाखाली आमचा समेट करायला निघालात. तुम्ही डोमाची बाजू घेतली याचं मला वाईट वाटलं. पण लिहिलेलं पाळायचं म्हटलं होतं. पुष्पा बांधीत होती. ती म्हणाली, मामाजी, पाणी कायले सोडता? मी म्हटलं, तुझ्या बापानं लिहिलं आहे. ती पुन्हा निंदायला वाकली.

मी मुही उघडली. सगळं पाणी खळखळ डोमाकडे गेलं.

डोमा खाली वाकून काम करत होता. पाणी पायाला लागलं तसा तो उठून पाहायला लागला. किती साल तो ओरडत होता आणि आज त्यानं मागितलंही नव्हतं. तो धुऱ्याजवळ आला आणि म्हणाला, "काय गा श्यामराव, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, "घरचे बरे आहेत ना?" मी म्हटलं, आहेत. तो दोनदा मागे वळून पाहत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात. टोपलीभर सात्या, रानातली अळंबी, घेऊन. जंगलात वारुळावर उगवल्या होत्या, म्हणाला, पहिली टोपली तुमची. देवकानं भाजी केली. इतकी चव होती की मला जास्तच वाईट वाटलं.

आता आठवडा होत आला. आमचा धान पिवळा दिसतो. डोमाचा काळाशार. काय चुकलं ते कळवा.

श्यामराव

*

अर्जुनी मोरगाव
१९ ऑगस्ट १९७७

अहो श्यामरावजी,

रामराम नंतर. आधी हे वाचा.

सोडा म्हणजे आत सोडा. बाहेर नाही. आमच्याकडे नहराचा चौकीदार पाणी सोडतो म्हणजे ते बांधीत येतं. तुमच्याकडे सोडणं म्हणजे डोमाला देणं, हे मला कसं कळणार? बांधीत पाणी घ्या, खत त्यात मुरेल, मुळांना लागेल, असं मला सांगायचं होतं. तुम्ही खत भिजवलं, विरघळवलं आणि ताटात वाढून डोमाच्या धानाला खाऊ घातलं. त्याचा धान काळाशार होणार नाही तर काय होईल?

मी पत्र वाचून डोकं धरून बसलो. मग हसू आलं. चंद्रभागानं विचारलं, काय झालं, मी सांगितलं, तर ती म्हणाली, इतकी साल कोणाला जमलं नाही ते या माणसानं पोस्टातून केलं. माझी तुमच्या समेटाची काहीही इच्छा नव्हती. मला तर तो डोमा ठाऊकसुद्धा नव्हता. तेव्हा बाजू घेतल्याचा आरोप मागे घ्या.

आता काम. अर्धं पोतं राहिलं ना? मी तुमच्या भित्रेपणाची टिंगल पुन्हा करणार नाही. निदान या महिन्यात नाही. पिकाला लोंबीची पोटरी धरायच्या आधी ते अर्धं टाका. पाणी काढून टाका, चिखलात टाका, आणि मग बांधीत पाणी भरा. मुही बंद. बंद म्हणजे घट्ट, पूर्ण, कायमची बंद. आता तरी दुसरा अर्थ निघणार नाही असं लिहिलं ना?

डोमाला खरं काय ते सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. सात्यांची भाजी तर पोटात गेली.

गोपीचंद

*

करडी
२७ ऑगस्ट १९७७

तीर्थरूप बाबांना पुष्पाचा नमस्कार. आईला नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र मामाजींनी वाचलं आणि ते न जेवताच बांधीवर गेले. चूक माझीही आहे. मला माहीत होतं पाणी आत घ्यायचं असतं. पण मामाजी म्हणाले तुझ्या बापानं लिहिलं, तेव्हा वाटलं तुमच्याकडे काही नवी पद्धत निघाली असेल. आणि तुमचं नाव निघाल्यावर मी सासऱ्यासमोर नाही कशी म्हणू? लग्नात तुम्हीच मला सांगितलं होतं, तिथं उलट बोलू नको. आता मला सांगा, पुढच्या वेळी बोलू की नको.

मामाजी तुम्हाला लिहितील की सगळं ठीक आहे. ते खरं नाही. आकाश कोरडं पडलं आहे. बांधीला भेगा जायला लागल्या. आमची तलावाची पाळी होती ती सगळी त्या दिवशी डोमाकाकांकडे गेली. आता पाळी त्यांची आहे, मग गोमाजी पटेलांची, आणि आमची येईपर्यंत पोटरीची वेळ निघून जाईल. उरलेलं खत पाण्याशिवाय टाकता येत नाही. मामाजींनी अर्धं पोतं माळ्यावरून उतरवून दारात ठेवलं आहे आणि त्याच्याकडे पाहत बसतात. आत्याबाई म्हणतात, ते काय बाळ आहे का झोपवायला.

यांना आता सगळं कळलं आहे. यांनी मला काही म्हटलं नाही, मामाजींनाही नाही. पण काल पोराला म्हणाले, नागपुरात तुला मोटारी पाहायला मिळतील. मामाजी तिथंच होते. ते उठून बाहेर गेले.

मी जायला तयार नाही बाबा. या बांधीतली प्रत्येक ओळ मी सुतळी धरून लावली आहे.

मामाजी डोमाकाकांकडे जाऊन पाणी मागायचं म्हणतात आणि दारापर्यंत जाऊन परत येतात. म्हणतात, त्याला वाटतं मी मोठं मन केलं. मागायला जाऊ तर खरं सांगावं लागेल, आणि खरं सांगितलं तर तो का देईल.

तुमची,
पुष्पा

*

करडी
६ सप्टेंबर १९७७

गोपीचंदजींना श्यामरावचा रामराम.

पुष्पानं तुम्हाला लिहिलं हे मला माहीत आहे. पोस्टाच्या डब्यात पत्र मीच टाकलं. वाचलं नाही. जाड होतं म्हणून काळजी वाटली एवढंच.

एकतीस तारखेला मी डोमाकडे गेलो. देवका म्हणाली, जायचं तर चपला घालून जा, अर्ध्या वाटेतून परत आलात की काटा रुतल्याचं सांगता येणार नाही. डोमा ओसरीवर बसून दोर वळत होता. कुंताबाईनं पाट दिला. चहा आला. मला चहा घेतल्यावर बोलता येत नाही, म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, डोमा, त्या दिवशी ते पाणी मी तुझ्यासाठी नाही सोडलं. माझ्या इवायानं लिहिलं एक आणि मी समजलो दुसरं. पाण्याबरोबर माझं खतही तुझ्या बांधीत गेलं. तुझा धान काळा आहे तो माझ्या खतानं. आता माझा धान वाळतो आहे आणि पोरगा नागपूरला निघाला आहे. तुझ्या पाळीचं थोडं पाणी मला पाहिजे. नाही दिलंस तरी सात्यांचं मी विसरणार नाही.

डोमानं दोर खाली ठेवला. मग त्यानं कुंताबाईकडे पाहिलं आणि दोघंही हसायला लागली. मला वाटलं झालं, आता गावभर होणार. तो म्हणाला, "श्यामराव, इतले साल तू ध्यान ठेवून मुही बंद ठेवत होता. मले तं चुकलेलाच श्यामराव बरा."

मग कुंताबाई म्हणाली की तरी मी यांना म्हणत होते, त्या माणसाला काही तरी झालं आहे, वैद्याला दाखवा. त्यावर मलाही हसू आलं.

मी विचारलं, मग पाणी? तो म्हणाला, "माह्या पाळीचं पाणी तुह्याच बांधीतून खाली येते ना? तं आधी तुह्या बांधीत थांबव. तुह्या धानाचं पोट भरलं की मंग मले सोड. माह्या धानानं तुह्या घरचं आधीच खाल्लं, तो दोन दिवस उपाशी राह्यला तं मरत नाई." मी म्हटलं, मी विसरलो सोडायचं तर? तो म्हणाला, "मी खालून ओरडतो ना. आदत आहे मले."

गोपीचंदजी, मी खत टाकलं. या वेळी सगळं टाकलं. पोतं उलटं करून झटकलं. पुष्पानं सांगितलं तसं केलं, तिला मी म्हटलं आहे की आता उलट बोललीस तरी चालेल, सरळ बोलली नाहीस तर रागावीन. डोमाच्या पाळीचं पाणी आलं तेव्हा टिकाराम आणि डोमा दोघं मिळून बांधीत फिरत होते, पाणी कुठं पोचलं नाही ते पाहत. मी धुऱ्यावर उभा राहून मुही पाहत होतो. पाणी खाली सोडताना मी डोमाला आधी विचारलं, आत की बाहेर? तो म्हणाला, माझ्याकडे, बाबा, माझ्याकडे.

पोळा आठ दिवसांवर आला. दोघांचे बैल एकत्र नेऊ असं ठरलं आहे. त्याचा तांबडा मारका आहे, ती एक काळजी आहेच. पिकाचं अजून काही सांगता येत नाही. टिकाराम रोज संध्याकाळी बांधी पाहून येतो. हिरालालचं पत्र आलं, दिवाळीनंतर जागा निघेल म्हणतो.

श्यामराव

*

अर्जुनी मोरगाव
२६ ऑक्टोबर १९७७

श्यामरावजींना रामराम.

दीड महिना झाला, तुमचं पत्र नाही. तुम्ही गप्प बसलात म्हणजे काय समजायचं? तुम्ही तर पाऊस आला तरी लिहिता आणि नाही आला तरी लिहिता. लोंबी भरली का? परवा इकडे वारा सुटला, तिकडेही सुटला असेल. धान लोळला तर नाही ना? तुडतुडा तर लागला नाही? मी काल ताटावरून उठलो आणि बसस्टँडवर जाऊन आलो, मोहाडीकडचं कोणी भेटतं का पाहायला. चंद्रभागा म्हणते, पोरगी दिली तिकडे आणि रोग आला इकडे.

बिजाई माझी आहे. पुष्पा नागपूरला गेली तर दोष माझ्यावर येईल, तो मी कुठं ठेवू? दोन ओळी टाका. वाईट असलं तरी टाका.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते. दंडारीच्या खेळाला दरसाल तुम्हाला बोलावतो, तुम्ही दरसाल येत नाही. या साली बोलावत नाही, पत्र पाठवा.

गोपीचंद

*

करडी
४ डिसेंबर १९७७

गोपीचंदजींना श्यामरावचा रामराम.

तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. रागावू नका. आजवर मला वाटायचं की जगात काळजी करायला मी एकटाच आहे.

मी लिहिलं नाही, कारण लिहिलं तर दृष्ट लागेल अशी भीती वाटली. लोंबी अशी भरली की खाली वाकली. मला वाटलं धान आजारी पडला. टिकारामला बोलावून दाखवलं तर तो म्हणाला, बाबा, ते दाण्यांचं वजन आहे. मग वारा आला. गोमाजी पटेलांचा उंच धान लोळला, आपला बुटका उभा राहिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला मनातल्या मनात शाबास म्हटलं. तोंडानं नाही म्हटलं.

कापणीला ताराबाईची तीच टोळी आली. ओळीतून विळा चालतो तेव्हा बायांना वाकडंतिकडं जावं लागत नाही. ताराबाई म्हणाली, शाळा पास झाली मास्तर. बायांनी मलाच ओळीत बसवून कापायला लावलं. कंबर अजून दुखते.

पुष्पा सांगते की बाबांना नीट लिहा, म्हणून नीट लिहितो. गेल्या सोमवारी खळ्यावर पेंढ्यांचा पैर पसरून बैलांच्या पायांखाली धान चुरणं चालू होतं. मी बैल फिरवत होतो, डोमा दुसरी जोडी घेऊन मदतीला आला होता. देवका आणि कुंताबाई सुपानं उधळत होत्या. टिकाराम काठीनं तणस उलटत होता. ढीग वाढत होता आणि मला त्याच्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती. वर्षाचं खाणं बाजूला काढलं होतं. ते काढूनही ढीग तेवढाच दिसत होता, म्हणून मला वाटायचं, मोजण्यात काही तरी चुकलं असेल. टिकारामनं काही म्हटलं नव्हतं. त्या अटीचा शब्द त्यानं जूनपासून काढला नव्हता आणि मी विचारलाही नव्हता.

तेवढ्यात वाटेनं हिरालाल आला. टेरिलिनचा शर्ट, पायात चकचकीत बूट. नागपूरहून थेट. मला नमस्कार केला आणि टिकारामला म्हणाला, "टिका, जागा निघाली. गुरुवारी हजर व्हा लागते, नाई तं दुसरा बसते. चल, आजच्या गाडीनं जाऊ."

माझे पाय थांबले. पाय थांबले तसे बैलही थांबले. देवकाचं सूप हातातच राहिलं. पुष्पा पाण्याचा हंडा घेऊन येत होती, ती बाभळीखाली उभी राहिली. टिकारामनं वर पाहिलं नाही. तणस उलटत राहिला. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, इतका मी मूर्ख आहे.

मग तो म्हणाला, "हिरालालदादा, आलाच आहेस तं बूट काढ. माह्या बापाचे बैल उभे राहिले."

हिरालाल म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे काय? हाक त्यायले. आजच्या आज हा पैर चुराचा आहे, उद्या दुसरा टाकाचा आहे. तिकडं विहिरीवर मोटर बसवाची म्हणून भंडाऱ्याले जाचं आहे. मले कुठं टाइम आहे?"

हिरालाल माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, मी ढिगामागे गेलो. देवका मागून आली आणि विचारू लागली काय झालं. मी म्हटलं, डोळ्यात कोंडा गेला. ती म्हणाली, दोन्ही डोळ्यांत? मी म्हटलं, आज ढीग मोठा आहे. तिनं पदरानं आपलेही डोळे पुसले आणि गेली.

हिरालालनं बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि बैल हाकले. मिलमध्ये राहून त्याचा आवाज बारीक झाला आहे, बैल त्याला मानत नव्हते. डोमानं त्याला ओरडायला शिकवलं. दुपारी पुष्पानं नव्या तांदळाचा भात घातला. मला वाटलं होतं हा धान जाड, चवीला काय असणार. आहे जाड. पण मी दोनदा घेतला. लुचईची एक बांधी पुढच्या साली ठेवायची, पाहुण्यांसाठी, असं मी म्हटलं आणि कोणी हसलं नाही.

आता नव्या काळज्या. गावातले चार-पाच जण बिजाई मागायला येऊन गेले. सगळ्यांना देऊ तर आपल्याला पुरेल का? धान भरायची ढोली लहान पडली, बाकी धान ओसरीवर आहे आणि उंदरांचा काही भरवसा नाही. टिकाराम उन्हाळ्यातही धान टाकायचा म्हणतो. मी म्हटलं, जमिनीलाही झोप लागते की नाही? पुष्पा म्हणाली, मामाजी, जमिनीला लागते, तुम्हाला नाही. उलट बोलते ती आता. मीच सांगितलं होतं.

हिरालाल गुरुवारी जाणार होता. तो शनिवारी गेला. मी आणि टिकाराम त्याला वरठीला सोडायला गेलो. या वेळी गाडी वेळेवर आली. तो डब्यात बसला, मांडीवर आमच्या तांदळाची पिशवी. टिकाराम खाली उभा होता आणि मी दर क्षणाला त्याच्या सदऱ्याची बाही पाहत होतो, ती माझ्याजवळच आहे ना म्हणून. शिट्टी झाली. हिरालालनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि हाक मारून विचारलं, "मामा, पुढच्या रोवणीले माणसं लागतीन का?"

मी म्हटलं, "गाडी हलली बापू, आधी हात आत घे."

श्यामराव